शेवटच्या ग्रहापर्यंत

‘जवळच आहे’ हे शब्द टेपसरांच्या समोर कुणी उच्चारू नयेत. उच्चारले, की सर पँटच्या उजव्या खिशात हात घालत, पोलादी टेप बाहेर काढत आणि विचारत, “जवळ म्हणजे किती?” हेडसरांच्या मुलीच्या लग्नात पंगत ‘इथं जवळच’ बसली आहे असं सांगणाऱ्या तिच्या सख्ख्या मामालाही त्यांनी हाच प्रश्न केला होता. मामा अजून सरांचं नाव निघालं की तोंड वाकडं करतात.

सर मूळचे सातारच्या बाजूचे, कोरेगावकडचे. सतरा वर्षं तोफखान्यात सर्व्हेचं काम केलं, मग बी.एड. करून कडेगावच्या पूर्वेला आमच्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आले. मुलांनी पहिल्याच आठवड्यात त्यांचं नाव टेपसर ठेवलं आणि त्यांना ते आवडलंही. “तोफखान्यात अंतर चुकलं की गोळा आपल्याच माणसांवर पडतो, मॅडम,” असं ते मला म्हणायचे. हे वाक्य ते हसत कधीच म्हणाले नाहीत.

मी सांगलीची, मराठी शिकवणारी, नोकरीला नवी आणि नाकाच्या शेंड्यावर राग घेऊन हिंडणारी. मुलांच्या निबंधांत मी ‘कोसो दूर’ वगैरे शब्दांखाली कौतुकाच्या रेघा ओढायची. सर ती वही उचलून विचारायचे, “कोसो म्हणजे किती कोस? आणि कोस म्हणजे किती?” मी चिडून म्हणायची, “सर, ही भाषा आहे, तोफ नाही.” ते म्हणायचे, “भाषापण लागते मॅडम, नेम चुकला की.” तेव्हा मला हे नुसतं टोचून बोलणं वाटायचं.

त्यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम म्हणजे विज्ञानमार्ग. शाळेच्या भिंतीवर त्यांनी पावणेतीन मीटर रुंदीचा पिवळा सूर्य रंगवून घेतला आणि त्याच मापाने सगळे ग्रह रस्त्याच्या कडेला मांडायचे ठरवले. सहा शनिवार सकाळची शाळा सुटल्यावर मुलं टेप धरून रस्ता मोजत गेली. तीनशे मीटरवर, पिठाच्या गिरणीपाशी, आवळ्याएवढी पृथ्वी. दीड किलोमीटरवर कलिंगडाएवढा गुरू. नऊ किलोमीटरवर, कालव्याच्या पुलाशी, नेपच्यून. प्रत्येक ठिकाणी एक उभा दगड, त्याच्यावर सिमेंटात बसवलेला ग्रह आणि खाली नाव. शेवटचा प्लूटो अकरा किलोमीटर आठशे मीटरवर गेला. तिथे ऊस संपतो, कालव्याचं पाणी संपतं आणि नुसता माळ लागतो. त्या माळावर मेंढपाळांची पंचवीस-तीस घरांची वस्ती होती. कागदोपत्री तिला नावसुद्धा नव्हतं.

प्लूटोचं माप भरलं जोंधळ्याच्या दाण्याएवढं. सरांनी खरोखरच एक दाणा दगडावर चिकटवला. तो दोन दिवसांत मुंग्यांनी नेला. मग त्यांनी सायकलच्या पुढच्या चाकातली छर्र्याची गोळी आणली, मापली आणि लहान पोरासारखे खूश झाले, कारण ती केसाएवढ्या फरकाने बरोबर बसत होती. वस्तीवरची बायजाआजी हे सगळं कंबरेवर हात ठेवून बघत होती. “आवं सर, येवढ्याशा गोळीसाटी येवढा दगूड?” तिने विचारलं. सर म्हणाले, “आजी, गोळी ल्हान हाय, पर लांबची हाय.”

पुढच्या महिन्यात आम्ही गेलो तर दगडाला शेंदूर लावलेला, पुढे नारळ फोडलेला आणि भोवती मातीचा ओटा. मी कपाळाला हात लावला. सरांनी मात्र आजीला एवढंच सांगितलं, की अक्षरं तेवढी दिसू देत. वस्तीला नाव मिळालं होतं. माणसं विचारलं की सांगायची, “आमी प्लूटोवरची.”

त्या वर्षी वस्तीवरच्या चार मुली आठवीला आमच्या शाळेत आल्या. त्यांच्यात बायजाआजीची नात मंगल. तिची आई लहानपणीच गेली होती, बाप वर्षातले सहा-सात महिने मेंढरं घेऊन कोकणाच्या अंगाला असायचा, त्यामुळे मंगलच्या शिक्षणाचा निकाल आजीच्या हातात होता. एस्टी तेव्हा पुलापर्यंतच यायची. पुलापासून वस्तीपर्यंतच्या माळावर माणूस दिसायचा नाही आणि लांडगे दिसायचे. आजीने स्पष्ट सांगितलं, “दारात यष्टी आली तर पोर साळंत. न्हाई तर मेंढराम्हागं.”

एस्टीची फेरी वाढवून मागणारं पत्र लिहायचं काम हेडसरांनी मला दिलं. सरांनी मला बजावलं होतं, “अंतर लिहा, मॅडम. अकरा आठशे.” मला ते फार रुक्ष वाटलं. मी लिहिलं, ‘तरी शाळेच्या विज्ञानमार्गावरील शेवटच्या ग्रहापर्यंत ही फेरी नेण्यात यावी.’ हेडसर खूश झाले, सही ठोकली. पत्र गेल्यावर मी सरांना ते वाक्य ऐकवलं. ते खिशातल्या टेपशी चाळा करत राहिले. फेरी मंजूर झाली, कंडक्टर ‘प्लूटोवाले उतरा’ म्हणून ओरडू लागला आणि मी मनातल्या मनात सरांना हरवल्याचा आनंद साजरा केला.

आणि मग एका सकाळी वर्तमानपत्रात बातमी आली. जगभरच्या खगोलशास्त्रज्ञांनी एकत्र बसून, हात वर करून ठरवलं, की प्लूटो हा ग्रह नाही. तो बटुग्रह. ग्रह आठच.

सर तीन दिवस स्टाफरूममध्ये धड बोलले नाहीत. चौथ्या दिवशी माझ्यासमोर येऊन बसले. “सूर्याभोवती फिरतो, मान्य. गोल आहे, मान्य. मग म्हणे, आपल्या वाटेवरचा बाकीचा दगडधोंडा त्यानं साफ केलेला नाही, म्हणून बाहेर. वस्तू काय आहे ते बघा ना! शेजारी कोण राहतं ते कशाला बघता?” त्यांचा आवाज चढला होता. मी म्हटलं, “मग आपण नऊच शिकवू.” दुसऱ्या दिवशी तेच उलट बाजूने बोलू लागले. “पण मॅडम, तिकडं त्याच्यासारखे आणखी सापडायला लागलेत. एक तर त्याच्याच एवढा. ह्या एकट्याला घरात ठेवून बाकीच्यांना दाराबाहेर उभं करायचं, हापण न्याय नव्हे. आणि मंगळ-गुरूच्या मधला तो सेरेस, त्यालापण आधी ग्रह म्हणायचे, मग काढलाच की. तेव्हा कोण रडलं?” असे ते आठवडाभर स्वतःशीच भांडत होते. वर्गात त्यांनी दोन्ही बाजू सांगितल्या आणि शेवटी फळ्यावर लिहिलं, ‘ग्रह आठ.’ मागच्या बाकावर मंगल मान खाली घालून बसली होती.

आम्हाला वाटलं, झालं एवढंच. पण पुलावरच्या दादांचं डोकं वेगळं चालत होतं. दादा शाळा समितीचे अध्यक्ष, कालव्याकाठचे मोठे बागायतदार. एस्टी वस्तीवरून भरून यायची, त्यामुळे सकाळी पुलावरच्या माणसांना बसायला जागा नसायची आणि गाडीला पाऊण तास उशीर व्हायचा, हे त्यांचं दुखणं. ते खोटंही नव्हतं. त्यांनी आमच्या पत्राची नक्कल काढली, बातमीचं कात्रण जोडलं आणि डेपोला अर्ज केला, की मंजुरी शेवटच्या ग्रहापर्यंत आहे आणि शेवटचा ग्रह आता पुलावर आहे.

माझं वाक्य जसंच्या तसं त्यांनी अर्जात उतरवलं होतं.

डेपोचे साहेब खातरजमा करायला गुरुवारी शाळेत येणार असं कळलं. बुधवारी मधल्या सुट्टीत मी सरांना गाठलं. “सर, उद्या प्लूटो म्हणा. तुम्हीच सांगितलंत ना, कित्येक शास्त्रज्ञांना अजून हे मान्य नाही? तुम्हालाही पूर्ण पटलेलं नाही. मग एकदा म्हणायला काय जातं?”

“पटलेलं नाही हे मी वर्गात सांगतोच. पण साहेब मला काय पटतं ते विचारणार नाहीत. काय ठरलंय ते विचारतील.”

“चार मुलींची शाळा आहे, सर! त्या तिकडच्या गोळ्याला काय फरक पडतो?”

“त्याला नाही पडत. पण खोटं बोलून राखलेली गाडी, खोटं उघडं पडेल त्या दिवशी जाईल. मग परत मागायला तोंड राहणार नाही.” मी रागाने उठले. हा माणूस टेपच्या पलीकडे काही बघत नाही, असं मी त्या दिवशी दोघा-तिघांजवळ बोलले.

गुरुवारी शाळेच्या हॉलमध्ये साहेब, हेडसर, दादा आणि आम्ही शिक्षक. बाहेर व्हरांड्यात वस्तीवरची पंधरा-वीस माणसं, सगळ्यात पुढे बायजाआजी आणि तिचा पदर धरून मंगल. आजीला खात्री होती. दाराशी येताना ती मला म्हणाली होती, “सर हायती न्हवं आत? मग आमाला घोर न्हाई.”

साहेबांनी पत्र वाचलं. चष्मा काढला. “विज्ञानाचे शिक्षक कोण? तुम्ही? बरं, मला एकच सांगा. शेवटचा ग्रह कोणता?”

सर उभे होते. त्यांच्या कपाळावरून घामाचा ओघळ कानाकडे गेलेला मला दिसला. दारातून मंगल त्यांच्याकडे बघत होती, अगदी पापणी न लववता. मी मनात म्हणत होते, म्हणा, म्हणा, एकच शब्द.

“नेपच्यून,” सर म्हणाले.

बाहेर कुणीतरी “आरं द्येवा!” म्हणालं. दादांनी खुर्चीला पाठ टेकली. सर पुढे बोलतच होते, “पण साहेब, पोरी ग्रहावर राहत नाहीत, वस्तीवर राहतात. ग्रहाचं नाव गेलं म्हणून वस्ती पुलाजवळ सरकलेली नाही. पुलापासून दोन किलोमीटर आठशे मीटर. मी स्वतः मोजलंय, पाहिजे तर पुन्हा मोजून देतो.”

“हे पत्रात कुठं आहे?”

“पत्रात नाही.”

“का नाही? पत्र लिहिलं कुणी?”

हेडसर माझ्याकडे बघायला लागले. मी उठायच्या आतच सरांचा आवाज आला, “मजकूर माझा, साहेब. माझी चूक.” हेडसरांना खरं माहीत होतं, त्यांनी ते तसंच राहू दिलं.

साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी सांगितलं, की नवा अर्ज करा, अंतर घाला, वर पाठवतो, पण वेळ लागेल. तोवर जुन्या मंजुरीप्रमाणे गाडी पुलापर्यंतच. सोमवारपासून एस्टी पुलावरून वळायला लागली.

व्हरांड्यात बायजाआजीने सरांची वाट अडवली. “आमी मागाय आलो हुतो का रं तुज्याकडं? तूच आणून रवलास, तूच काडलास! आन् कागद बी तूच वंगाळ लिवलास! ह्या पोरीचं वाटुळं केलंस तू!” एरवी ती त्यांना अहो-जाहो करायची. सर हात जोडून उभे राहिले. मी चार पावलांवर होते आणि माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही.

स्टाफरूममध्ये मी रडतच विचारलं, “का घेतलंत अंगावर?” सर पाणी प्यायले. “मला तीन वर्षं राहिलीत, मॅडम. तुम्ही इथं अजून पंचवीस काढणार. वस्तीला ह्या शाळेत भरवशाचं एक तरी माणूस पाहिजे. ते आता मी नाही. तुम्ही राहा.” जोखून-मापून बोलणारा तो माणूस माझ्या माहितीत आयुष्यात एकदाच खोटं बोलला, आणि ते माझ्यासाठी.

मंगळवारपासून सर सकाळच्या पहिल्या एस्टीने पुलावर उतरू लागले. तिथून माळ तुडवत वस्ती, वस्तीवरून मुलींना घेऊन पुन्हा पूल, तिथून शाळा. संध्याकाळी हेच उलट. रोज चार वेळा दोन आठशे. पहिला आठवडा एकही मुलगी आली नाही. सर दगडाच्या ओट्यावर दहा मिनिटं बसायचे आणि एकटे परत यायचे. दुसऱ्या आठवड्यात दोघी आल्या, मग तिसरी. मंगल मात्र मेंढरं वळताना लांबून दिसायची.

महिन्याभराने एका शनिवारी मी हट्टाने त्यांच्याबरोबर गेले. दम लागत होता, पण सरांपुढे बोलायची सोय नव्हती. आम्ही ओट्याशी टेकलो तशी मंगल मेंढरं सोडून जवळ आली. आजी दारात भाकरी थापत होती. मंगलने दगडाकडे बोट दाखवलं. “सर, ह्यो ग्रह न्हाई तर काय हाय?”

“बटुग्रह. म्हंजी ल्हान चणीचा.”

“मग आता त्यो सूर्याभवती फिरत न्हाई?”

“फिरतो की! तसाच फिरतो. एका फेरीला अडीचशे वर्षं लागत्यात त्याला. हितं कुणी काय ठरवलं ह्याचा त्याला पत्तासुदीक न्हाई.”

तव्यावर भाकरी टाकून आजी उठली. सरांकडे न बघता तिने विचारलं, “म्हंजी त्यो हुता तितंच हाय?”

“हुता तितंच, आजी.”

“आन् फिरायचं सोडल्यालं न्हाई?”

“न्हाई.”

भाकरी करपल्याचा वास आला तरी आजी हलली नाही. मग मंगलला म्हणाली, “जा, दप्तर घे.” आणि सरांना, “पोर धाडते. पर तुला माफी न्हाई. कागदाची माफी न्हाई.” मी तिथेच, दोन हातांवर उभी होते. सरांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान किंचित हलवली, नको म्हणून. त्या ‘नको’चा मी पुढे फार वर्षं आडोसा केला.

आठ महिने सर तो माळ चालले. त्यांचा डावा गुडघा सुजला, मग ते काठी घेऊ लागले, पण एक दिवस चुकला नाही. नवा अर्ज त्यांनी सांगितला, मी लिहिला. त्यात पाच ओळी होत्या, तीन आकडे होते आणि एकही विशेषण नव्हतं. पुढच्या जूनमध्ये एस्टी पुन्हा वस्तीवर गेली, त्या पत्रावर, दोन किलोमीटर आठशे मीटरसाठी. दादा माझ्याशी वर्षभर बोलले नाहीत, सरांशी मात्र बोलायचे. “माणूस खोटं बोलला न्हाई,” ते म्हणायचे.

मंगल दहावी झाली, पुढे इस्लामपूरला शिकली. आता शिरवळच्या एका कारखान्यात मालाच्या तपासणीवर आहे आणि आजीला दर रविवारी फोन करते. वस्तीवरच्या मुली शाळेत येत राहिल्या. माझ्याकडे त्यांची माणसं विश्वासाने यायची, दाखल्याला, फॉर्मला, कधी घरातली भांडणं सांगायला. सरांनी योजलं होतं तसंच झालं. सरांना मात्र वस्तीवरच्या कुणी चहा विचारला नाही. त्यांच्या निरोप समारंभाला पुलावरची माणसं आली, गावातली आली, वस्तीवरून कुणी आलं नाही. सर खुर्चीत बसून दाराकडे बघत होते. मी त्या दिवशी त्यांच्यावर छान भाषण केलं. टाळ्या पडल्या. सांगायचं ते सांगितलं नाही. पुढच्या वेळी वस्तीवर गेले की सांगू, असं मनाशी म्हटलं आणि पुढे कित्येक वेळा नुसतीच जाऊन आले.

गेल्या वर्षी सर साताऱ्याला मुलाकडे वारले. शाळेत शोकसभा ठेवली. जुने विद्यार्थी बोलले, दादा काठी टेकत आले आणि दोन शब्द बोलून डोळे पुसत बसले. आणि मग दारात मंगल दिसली, आजीला धरून आणत होती. आजी आता ऐंशीच्या पुढे, कंबरेत वाकलेली. तिला खुर्ची दिली तर ती बसली नाही, फोटोसमोर जाऊन उभी राहिली.

“मी ह्या मानसाशी धड बोलली न्हाई,” ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण हॉल शांत होता. “कागदात चूक ह्याचीच हुती. पर ती त्यानं चालून चालून फेडली. माज्या पोरीला मानसांत आनली. आज म्या त्याला माफी दिली.” तिने फोटोला हात जोडले.

मी उठले. इतकी वर्षं घोळवलेली सगळी वाक्यं कुठल्या कुठे गेली. “आजी, चूक त्यांची नव्हती. ते पत्र मी लिहिलं होतं. सरांनी मला अंतर लिहायला सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. त्यांनी माझ्यासाठी स्वतःवर घेतलं.”

मंगलने माझ्याकडे पाहिलं आणि नजर फिरवली. आजी हळूहळू वळली, माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, ती मला शिव्या देईल. तिने द्याव्यात असं मला फार वाटत होतं.

“मग तवाच का न्हाई बोललीस, बाई?” ती म्हणाली. “मी त्याला लय वंगाळ बोलली गं.”